कोरी कार्डे, लिंबायत

लिंबायत, सुरत
रविवार, ७ जानेवारी १९९६

चि. योगितास,

प्रथम वस्तुस्थिती क्रमाने मांडते, म्हणजे पत्र मधूनच वाचायला सुरुवात करण्याच्या तुझ्या सवयीमुळे काही निसटणार नाही.

पहिली गोष्ट, लिंबायतची आपली खोली मालकाने परत मागितली आहे. तिथे साड्यांच्या घड्या घालण्याचे गोदाम होणार आहे. मे महिन्याच्या अखेरीस जागा सोडायची आहे. दुसरी गोष्ट, मी अडाजणला दुसऱ्या मजल्यावर घर घेतले आहे. ते हवेशीर आहे आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग नाहीत. तिसरी गोष्ट, आई तिथे यायला तयार नाही. चौथी गोष्ट, आणि या पत्राचे कारण, ती तयार नाही ते तुझ्यामुळे.

तुझ्यामुळे म्हणजे तुझ्या कार्डांमुळे. तुझ्या लग्नाला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षे होतील. बारडोली इथून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे आणि या काळात तू घरी एक ओळही लिहिलेली नाहीस. परंतु फिनलंड, पोर्तुगाल आणि चिली या देशांतील तुझे पत्रमित्र लिहीत असतात, कारण पत्ता बदलल्याचे त्यांना कळवण्याचे कष्ट तू घेतले नाहीस. पोस्टमन ठाकोरभाई अजूनही गल्लीच्या तोंडापासून “माजी, फॉरेननुं आव्युं छे” असे ओरडत येतात आणि आई हातातले काम टाकून बाहेर जाते. अडाजणच्या इमारतीत खाली कुलपाच्या पेट्या आहेत. तिथे ठाकोरभाई नसतील, कोणी हाक देणार नाही आणि कार्डे लिंबायतलाच येत राहतील, असा तिचा मुद्दा आहे. तो चुकीचा आहे असे मला म्हणता येत नाही.

आता तातडीची बाब. नववर्षाच्या सुमारास फिनलंडच्या आयनोचे कार्ड आले. बर्फात अर्धा बुडालेला लाकडी धक्का आणि एक उलटी नाव, असे चित्र आहे. छपाई बरी आहे. ती लिहिते की मेअखेर ती घर सोडून मुलीच्या गावी राहायला जाणार आहे आणि तू लिहिशील तेव्हा नवा पत्ता कळवील. शेवटी लिहिले आहे, “तुझ्या आईला सांग, मी पुन्हा करून पाहिले, पीठ पुन्हा फाटले. ती काय करते?” तिचे इंग्रजी सदोष आहे, पण अर्थ लागतो.

दोन्ही टोकांची घरे एकाच सुमारास सुटत आहेत. तोपर्यंत आयनोला पत्र गेले नाही, तर आपण तिला आणि ती आपल्याला कायमची हरवणार. आईचे उत्तर तयार आहे, पत्ता नाही. कार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो आणि कार्डांच्या मंडळाच्या जुन्या पत्तासूच्या तुझ्या लग्नाच्या पेटीतून बारडोलीला गेल्या. नव्या सूचीत आयनो नाही. तिने मंडळ का सोडले, याची चर्चा मला इथे करायची नाही.

तुला त्या सूचीचा पहिला दिवस आठवतो का, माहीत नाही. तू शाळेत होतीस, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. ग्रंथालयातल्या एका विदेशी मासिकात मला चित्रकार्डांची देवघेव करणाऱ्या मंडळाची जाहिरात सापडली आणि दोघींच्या नावाने मी एकच नोंद पाठवली. त्या नोंदीखाली मी अट छापवून घेतली होती की कार्डे कोरी असावीत, पाकिटातून पाठवावीत आणि त्यांवर काहीही लिहू नये. चित्रकार्ड हा मुद्रणकलेचा नमुना आहे. त्याच्या पाठीवर हवापाण्याच्या गप्पा खरडणे आणि टपालखात्याचा शिक्का त्यावर आपटून घेणे, हे मला कधीच मान्य नव्हते.

तू मात्र चोरून लोकांना कळवायचीस की माझ्यासाठी लिहून पाठवा.

रविवारी दुपारी आपण खाटेवर सगळी कार्डे पसरायचो. पलीकडच्या शेडमधले माग चालू असले की खाट थरथरायची आणि कार्डे हळूहळू एकमेकांवर सरकायची. तू म्हणायचीस की बघ ताई, जपान स्वीडनवर चाललाय. मी रागवायचे आणि पुन्हा रांगेत लावायचे. तेव्हा बाबा होते, दारात बसून विड्या ओढत आणि व्हेनिसचे कार्ड पाहून विचारत, की या गावात पाणी उपसायला कोणी नाही का. आई माझी पाकिटे उघडून पाहायची आणि तिला राग यायचा. “हाई कोरं कार्ड कसाले धाडतस त्या? तेस्ले लिखता येत नही का?”

तेव्हा आपण दोघी हसलो होतो. मी जास्त वेळ हसले होते.

पत्ते पाठव. आयनोचा आधी, बाकीचे सवडीने. हे पत्र पोहोच-पावतीसह पाठवत आहे, तेव्हा ते मिळाले नाही असे म्हणता येणार नाही.

तुझी वडील बहीण,
वर्षा


लिंबायत, सुरत
रविवार, ४ फेब्रुवारी १९९६

चि. योगितास,

पोहोच-पावती मिळाली. सही तुझीच आहे, ‘ग’ची काठी अजूनही तशीच लटकते.

गुरुवारी तुझे पाकीटही मिळाले. आत ताजमहालाचे एक चित्रकार्ड आहे, कोरे. सोबत चिठ्ठी नाही. पाकीट मी दिव्यासमोर धरून पाहिले, त्यातही काही नाही.

कार्ड आपल्याच जुन्या संचातले आहे, स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून आपण आणत असू त्यातले. निळा रंग किंचित सरकल्यामुळे डावा मिनार दुहेरी दिसतो. शिवाय वरचा उजवा कोपरा दुमडला आहे. पाकिटात जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा, हे मी तुला अनेकदा शिकवले होते.

तुला काय म्हणायचे आहे ते मला कळते. माझा नियम तू मलाच परत पाठवला आहेस. तेव्हा ते प्रकरण एकदा नीट मांडून टाकते, कारण तुझ्या मनात त्याची मोडतोड झालेली असणार.

सुरतेची चित्रकार्डे कुठेच मिळत नसत, म्हणून आपण ताजमहाल आणि अजिंठा पाठवत असू. त्र्याण्णवच्या अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, तू रामदासला, म्हणजे नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याला, घरी बोलावून आईचा फोटो काढवलास. तिने गल्लीत चुलीवर पालथे खापर मांडले होते, दोन्ही हातांवर पुरणपोळी कोपरापर्यंत पसरली होती आणि समोरच्या सुभद्राबाई काहीतरी बोलल्या म्हणून ती तोंड उघडून हसत होती. मागे उघडी गटार, दोरीवर शेजाऱ्यांच्या लुंग्या आणि मागांच्या शेडचा पत्रा. तो फोटो तू कार्डाच्या कागदावर छापून घेतलास आणि पांडेसऱ्याच्या गिरण्यांबाहेर वाळत घातलेल्या साड्यांच्या फोटोंबरोबर साऱ्या जगाला पाठवलास. मला न विचारता.

आयनो बेकरीत काम करते, तिला ती पोळी आवडली. तिने कार्ड मंडळाच्या वार्तापत्राकडे धाडले आणि त्यांनी ते पूर्ण पानावर छापले, खाली माझ्या पदवीसह माझे नाव, ‘यांचे घर’. त्याच अंकात ‘चित्रकार्डाची व्याख्या’ हा माझा लेख होता. तो अंक मी स्वतः कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ठेवला होता. लेख कोणीही वाचला नाही. फोटोचे पान मात्र सगळ्यांनी पाहिले. भौतिकशास्त्राच्या देसाईबेननी विचारले, “बेन, आ तमारां मम्मी?” मी काय उत्तर दिले, ते इथे अप्रस्तुत आहे.

मी मंडळाला जे लिहिले ते नियमांना धरून होते. घरी छापलेला फोटो म्हणजे चित्रकार्ड नव्हे आणि अशा कार्डांची देवघेव नियमबाह्य आहे. पुढच्या सूचीतून त्यांनी तुझे नाव वगळले, हा त्यांचा निर्णय होता; त्यावरून आयनोने मंडळ सोडले, हा तिचा. तू मात्र ती सूची उघडून माझ्यासमोर ठेवलीस, एक शब्द बोलली नाहीस आणि महिन्याभरात लग्न होऊन गेलीस. शब्द न बोलण्याची सुरुवात कोणी केली, याचाही विचार व्हावा.

पत्ते आलेले नाहीत. पुन्हा मागत आहे.

वर्षा


लिंबायत, सुरत
रविवार, ३ मार्च १९९६

योगिता,

तुझे दुसरे पाकीट आले, त्यात अजिंठ्याचे कार्ड, तेही कोरे. या वेळी पुठ्ठा घातला होतास. कोपरे निर्दोष आहेत.

या पाकिटाने जे घडवले ते तुला कळायला हवे. मी कॉलेजात होते. ठाकोरभाईंनी ते आईच्या हाती दिले आणि शिक्का पाहून सांगितले की बारडोलीचे आहे. मी परतले तेव्हा ती ओट्यावर बसली होती, पाकीट मांडीवर, न उघडलेले. भोवती सुभद्राबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी. तुझे पत्र आले ही बातमी सगळीकडे गेली होती. सुभद्राबाईंनी तर आईला नवे लुगडे नेसायला सांगितले होते. म्हणत होत्या, “उषाबाई, तुम्हना फोटू फॉरेनले गया तव्हय जुनंच व्हतं, आते पत्र उनं ते तरी नवं नेसा.”

मी पाकीट फोडले. आई म्हणाली की वाच.

मी वाचले.

म्हणजे, मी कार्ड डोळ्यांसमोर धरले आणि सांगितले की योगिता बरी आहे, जावई गजेंद्ररावांना खोकला झाला आहे, साखर कारखान्याचा गळीत हंगाम जोरात आहे त्यामुळे त्यांना सुट्टी नाही, दारात मोगरा लावला आहे. बायका माना डोलावत होत्या. एकीने बारडोलीची हवा दमटच असे मतही दिले. मी शिक्षणात आणि अध्यापनात आयुष्य घालवले आहे. जे कागदावर नाही ते कागदावर आहे असे मी प्रयोगवहीतल्या एका आकड्याबाबतही कधी म्हटलेले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली की ते पुन्हा वाच. मी पुन्हा वाचले. ती शांतपणे भाकरी मोडत राहिली आणि मग म्हणाली, “काल त्याम्हा गजेंद्रले खोकला व्हता. एक रातमा बरा व्हयना का?”

मी सांगितले की ती ओळ वाचायची राहिली.

“कोरं शे ना व?”

तिने कार्ड माझ्या हातून घेतले, पालथे केले, पदराने पुसले आणि म्हणाली, “तूच शिकाडं तिले.”

नंतर ती हसू लागली. योगिता, त्या फोटोत हसते तशी, तोंड उघडून. तिला वाटले की आपण दोघी मिळून तिची गंमत करतो आहोत, लहानपणी कार्डे लपवायचो तशी. मी तो समज दूर केला नाही. मग तिने ते कार्ड डब्यात ठेवले. माझ्या अल्बममध्ये नव्हे, तुला आलेल्या, लिहिलेल्या कार्डांच्या डब्यात.

तो डबा तू पाहिलेला नाहीस, म्हणून सांगते. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेगमुळे शहर रिकामे होत होते. गल्लीतले लोक मिळेल त्या गाडीने धुळे, अमळनेर गाठत होते, तोंडावर रुमाल बांधून. गजेंद्रराव कारखान्याची जीप घेऊन आईला न्यायला आले होते, हे मी नाकारत नाही. ते पंधरा मिनिटे दारात उभे राहिले. ती गेली नाही. “मी गऊ ते कागद कोन ली?” एवढेच तिचे म्हणणे होते. गजेंद्ररावांनी तुला हे सांगितले असेलच. सांगितले नसेल, तर आता समज की ती तुझ्याकडे यायचे नाही म्हणून थांबली नव्हती. तुझा टपाल-पत्ता सांभाळायला थांबली होती.

आणि कागद आले. टपाल सुरळीत झाल्यावर ठाकोरभाई एकदम जुडगाच घेऊन आले. सगळी तुझ्या नावाची, उघडी, भरभरून लिहिलेली. बातम्या जगभर पोहोचल्या होत्या. चिलीच्या मास्तरांनी लिहिले होते की तुम्ही कुठे आहात. पोर्तुगालच्या बाईंनी लिहिले होते की हातांवर पोळी झेलणाऱ्या आई कशा आहेत. आयनोने एकापाठोपाठ तीन कार्डे टाकली होती, तिसऱ्यावर फक्त ‘लिहा, लिहा’. मी ती एकेक करून आईला मराठीत सांगितली आणि आईने ती एकेक करून डब्यात ठेवली.

त्याच आठवड्यात मलाही टपाल आले. बेल्जियमच्या एका गृहस्थांचे पाकीट, आमची देवघेव आठ वर्षांची. आत चर्चचे कार्ड होते, उत्कृष्ट छपाईचे आणि कोरे. त्यांनी माझा नियम पाळला. मी त्यांच्याबद्दल तक्रार करू शकत नाही.

आईने तेव्हा मला विचारले होते की तुझ्या कार्डावर काय लिहिले आहे. मी सांगितले की चर्च आहे.

वर्षा


लिंबायत, सुरत
रविवार, ३१ मार्च १९९६

योगिता,

या खेपेस तुझ्याकडून काहीच आलेले नाही, तरी लिहीत आहे. हे माझ्या पद्धतीत बसत नाही.

तीन गोष्टी कळवायच्या आहेत.

रामदासकडे फोटोची निगेटिव्ह अजून होती. मी ती मागायला गेले तेव्हा त्याने आधी मला बसायला सांगितले, चहा मागवला आणि मग विचारले की मंडळात आता घरचे फोटो चालतात का. मी त्याला सांगितले की मंडळाचे मला माहीत नाही. त्याने पुष्कळ प्रती छापून दिल्या. पहिल्या प्रतीत गटार जरा जास्तच काळी आली होती, ती मी परत करून दुसरी घेतली. त्यातली एक प्रत शुक्रवारपासून विभागातल्या माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. देसाईबेन सह्या घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी पाहिली. त्यांनी तीन वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मी मान डोलावली आणि म्हणाले, “हा, मारी माय.” त्यांनी विचारले की ती पोळी फाटत कशी नाही. मला ते येत नाही, हे त्यांना सांगितले.

दुसरी गोष्ट, मायने आयनोसाठी दिलेले उत्तर. ते मी इंग्रजीत करून ठेवले आहे, चार मसुदे झाले, एकही मनासारखा नाही. मूळ असे आहे: “तिले सांग, पीठ आपटी आपटी मळनं पडस. नि फाटनी ते फाटू दे, खावाले गोडच लागस.” पहिल्या वाक्याचे भाषांतर सोपे आहे. दुसऱ्या वाक्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. तुला ते पहिल्या झटक्यात जमले असते, चुकांसह, आणि आयनोला कळले असते. म्हणून मूळ वाक्य तुलाच पाठवत आहे. ते तू लिही.

तिसरी गोष्ट, येत्या महिन्यात आखाजी आहे. लिंबायतच्या या गल्लीतली आपली शेवटची. सासरी गेलेल्या मुली माहेरी येऊ लागल्या की माय ओट्यावर बसते आणि कोणाची रिक्षा कोणाच्या दारात थांबते ते पाहते. गेली दोन वर्षे ती संध्याकाळी आत येऊन म्हणते की योगिताला सुट्टी नसेल, आणि ऊस कधी संपतो ते मला विचारते. मी दरवर्षी सांगते की लवकरच. यंदा तिने खापर आधीच बाहेर काढून धुऊन ठेवले आहे. नव्या घरात ते मांडायला जागा नाही. तिथे गच्ची आहे, पण गच्चीवर चूल पेटवायची तर सोसायटीची लेखी परवानगी लागते. मी अर्ज केला आहे.

भिंतीपलीकडचे माग आज विजेच्या सुट्टीमुळे बंद आहेत. खाटेवर कार्डे पसरली आहेत, माझी आणि तुझी एकत्र, कारण बांधाबांध करायची आहे. आज ती जिथल्या तिथे पडून आहेत. जपान जपानच्या जागी आणि स्वीडन स्वीडनच्या. मी मघापासून वाट पाहते आहे की काहीतरी सरकेल.

आता उत्तराविषयी. मला लेखी उत्तर हवे आहे. त्याच्या अटी पुढीलप्रमाणे आहेत आणि त्यांत सवलत मिळणार नाही.

उत्तर कार्डावर असावे, पाकिटात नको. बारडोलीची चित्रकार्डे कुठे मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते तुला तयार करावे लागेल. तुझ्या दाराचा फोटो काढ, उसाच्या गाड्यांचा काढ, गजेंद्ररावांचा काढ, मोगरा खरोखर असेल तर मोगऱ्याचा काढ. पाठीवर दोन्ही बाजूंना जागा उरणार नाही इतके लिही. शिक्का चित्रावर आला, शाई पसरली, कोपरे दुमडले किंवा ठाकोरभाईंनी वाटेत वाचून गल्लीला सांगितले, तरी माझी हरकत नाही. आयनोचा पत्ता त्यातच लिही. आखाजीला येणार असशील तर तसे लिही, येणार नसशील तर तसे लिही. पण लिही.

कोरे कार्ड आले तर मी ते मायला पुन्हा वाचून दाखवीन, सगळ्या गल्लीसमोर, आणि या खेपेस त्यात असेल की तू आखाजीला येत आहेस, गजेंद्ररावांसह, चार दिवस. कार्ड कोरे आहे हे तिला कळेल. तरीही ती डाळ शिजत घालेल, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

तेव्हा परतीच्या टपालाने, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, लेखी उत्तर पाठव.

तुझी ताई,
वर्षा